४१ मिलिमीटर, पण कुठून कुठे?

"झाला का इको? किती आलं?" घरच्यांचा फोन आला की पहिला प्रश्न हाच. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि आकडा म्हणजे त्यात मोजलेली माझ्या महाधमनीची, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीची, रुंदी. मी आकडा सांगते, मग पलीकडे मागच्या वर्षीचा आकडा आठवायचा प्रयत्न सुरू होतो. एखादा मिलिमीटर वाढला असेल तर आवाज लगेच बदलतो. त्यांच्या काळजीचं मोल मला आहे. पण माझं नोकरीचं सगळं आयुष्य कारखान्याच्या क्वालिटी विभागात मापं घेण्यात गेलंय, आणि नुसत्या आकड्यावरून मला कधीच काही समजत नाही. मशीनवरून उतरलेला जॉब असो की माझी स्वतःची महाधमनी, मला आधी विचारायचं असतं: कुठे मोजलं, कशाने मोजलं, कोणत्या दिशेने धरून मोजलं, आणि मागच्या वेळीही तसंच मोजलं होतं का? माझ्यासारख्या, हृदयात दोन पाकळ्यांची झडप घेऊन जन्मलेल्या माणसावर आयुष्यभर जे लक्ष ठेवायचं असतं ते या प्रश्नांवरच उभं असतं, आणि रिपोर्ट हातात देताना हे सहसा कुणी समजावून सांगत नाही. म्हणून आज सविस्तर लिहितेय.

माझी झडप लक्षात आली ती कंपनीच्या वार्षिक तपासणीत. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप छातीवर उजवीकडे, वरच्या बाजूला ठेवला, उचलला, पुन्हा तिथेच ठेवला आणि म्हणाले, "मर्मर, म्हणजे ठोक्यांसोबत जादा आवाज, ऐकू येतोय. इको करून घ्या." मला धाप लागत नव्हती, छातीत दुखत नव्हतं, जिने चढताना काही जाणवत नव्हतं. इकोत दिसलं की डाव्या कप्प्यातून महाधमनीत रक्त सोडणाऱ्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या आहेत. बायकस्पिड ऑर्टिक व्हॉल्व्ह. गळती किरकोळ, झडप अरुंद नाही. आणि रिपोर्टच्या मधल्या एका ओळीत, जिथे कुणाची नजर ठरत नाही अशा जागी, लिहिलं होतं: असेंडिंग ऑर्टा (महाधमनीचा चढता भाग) ४१ मिमी, किंचित रुंद. कार्डिओलॉजिस्ट मॅडमनी बोट ठेवलं ते नेमकं त्या ओळीवर. "झडपेचं बघायला आपल्याकडे वेळ आहे. मी जास्त लक्ष ठेवणार आहे ते तिच्या वरच्या नळीवर."

जन्मजात हृदयदोषांमध्ये हा सगळ्यात जास्त आढळणारा दोष. साधारण १ ते २ टक्के लोकांना तो असतो, पुरुषांमध्ये बायकांच्या दुपटी-तिपटीने. गर्भात झडप घडत असताना दोन पाकळ्या सुट्या होत नाहीत, जोडलेल्याच राहतात. जोडाच्या जागी बहुतेक वेळा एक कड दिसते, तिला रॅफे म्हणतात. बहुतेकांमध्ये उजव्या आणि डाव्या कोरोनरी धमनीकडच्या (हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांकडच्या) पाकळ्या जुळलेल्या असतात. माझी उजवी पाकळी जुळलीय ती जिच्याजवळून कोरोनरी निघत नाही अशा तिसऱ्या पाकळीशी. कोणती पाकळी कुणाशी जुळली यावरून रक्ताचा झोत पुढे कुठे आदळणार हे बरंचसं ठरतं. फोर-डी फ्लो एमआरआयमध्ये तो झोत रंगांत बघता येतो: मधून सरळ वर जायच्या ऐवजी तिरका सुटतो, भिंतीच्या एकाच बाजूवर घासतो आणि गिरक्या घेत पुढे जातो. माझ्यासारख्या जोडणीत फुगवटा बऱ्याचदा चढत्या नळीच्या भागात असतो, कधी कमानीपर्यंत, म्हणजे महाधमनी वरती वळते तिथपर्यंत, पोचतो. उजवी-डावी जोडणी असेल तर झडपेला लागून असलेला मुळाचा भागही रुंदावलेला सापडू शकतो.

पण सगळा दोष झोताचा नाही. भिंतीच्या मधल्या थरातले लवचिक तंतू अशा माणसांमध्ये तुटक झालेले आढळतात. काही कुटुंबांमध्ये नॉच-वन या जनुकातला बदल सापडलाय, ते संशोधन २००५ सालचं. झडप व्यवस्थित तीन पाकळ्यांची आहे आणि तरी महाधमनी रुंद, असे नातेवाईकही सापडतात. झोताचा वाटा किती आणि भिंतीचा किती, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. कॅनडाच्या मॉड ॲबट यांनी १९२० च्या दशकातच शवविच्छेदनांमधून ही झडप आणि महाधमनी फाटणं यांचं नातं नोंदवून ठेवलं होतं. म्हणजे धोका ओळखून शंभरेक वर्षं झाली. जिवंत माणसाची धमनी मिलिमीटरमध्ये मोजायची सोय मात्र अलीकडची.

भीती कशाची, ते एकदा स्पष्ट सांगते. महाधमनीच्या भिंतीला तीन थर असतात. आतल्या थराला चीर गेली की रक्त दाबाने थरांच्या मध्ये घुसतं आणि भिंत लांबवर उकलत जाते. याला डिसेक्शन म्हणतात. चढत्या भागात झालं तर तातडीची शस्त्रक्रिया हाच उपाय, आणि त्यात तासातासाला फरक पडतो.

हे वाचून कुणाची झोप उडू नये म्हणून दुसरी बाजूही लगेच सांगते. अमेरिकेतल्या ओल्मस्टेड काउंटीमध्ये अशा झडपेच्या ४१६ लोकांवर सरासरी १६ वर्षं लक्ष ठेवलं गेलं, तो अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात डिसेक्शन झालं फक्त २ जणांना. सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत हा धोका साधारण आठपट भरतो, हे खरं. पण मुळात अगदी दुर्मिळ गोष्टीची आठपट म्हणजेही दुर्मिळच. नुसतं "आठपट" ऐकून घाबरलेली माणसं मला भेटलीत, आणि नुसतं "दुर्मिळ" ऐकून इको करायचं सोडून दिलेलीही. या दोन्ही गोष्टी एकत्रच सांगाव्यात असं माझं मत आहे.

आता मापांकडे येते.

महाधमनी म्हणजे एकसारख्या व्यासाची नळी नव्हे. झडपेचं कडं, त्याच्या वर तीन फुगीर कप्पे म्हणजे सायनस, मग नळी जरा आवळते ती सायनोट्युब्युलर जागा, मग चढता भाग, मग कमान. प्रत्येक जागेचा व्यास वेगळा. एखाद्या रिपोर्टमध्ये नुसतं "ऑर्टा ४१" लिहिलं असेल तर ते आमच्याकडे पायऱ्या असलेल्या शाफ्टच्या ड्रॉइंगवर एकच व्यास लिहून द्यावा तसं आहे. असं ड्रॉइंग मी परत पाठवते. रिपोर्टच्या बाबतीतही मी नम्रपणे विचारते, "सायनसचं की चढत्या भागाचं? चढत्या भागाचं असेल तर कोणत्या पातळीवर?" चढता भाग बहुतेक वेळा उजवी फुप्फुसधमनी ज्या पातळीवर दिसते तिथे मोजतात. तो संदर्भ लिहिलेला असला की पुढच्या वर्षी मोजणाऱ्याला तीच जागा सापडते.

मग कडा. इकोमध्ये प्रौढांचं माप घ्यायची रूढ पद्धत आहे ती पुढच्या भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून मागच्या भिंतीच्या आतल्या कडेपर्यंत, हृदय पूर्ण सैलावलेलं असताना. म्हणजे त्यात एका भिंतीची जाडी धरलेली असते. सीटी आणि एमआरआयमध्ये बरेच जण आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजतात, काही ठिकाणी बाहेरून बाहेर. भिंत दोनेक मिलिमीटरची. म्हणजे धमनी जराही बदललेली नसताना केवळ कडा बदलल्याने आकडा मिलिमीटर दोन मिलिमीटरने हलू शकतो. ठोका पडताना धमनी थोडी फुगते, तेव्हा मोजलं तर आणखी फरक. मला बोअरच्या, म्हणजे भोकाच्या, मापाबद्दल हीच तक्रार आयुष्यभर करावी लागलीय: रीडिंग लिहिलंय, पण ते कसं घेतलं ते लिहिलेलं नाही.

आणि दिशा. महाधमनी छातीत उभी सरळ नसते, ती तिरकी वर चढते आणि मग वळते. सीटीचे आडवे काप मात्र शरीराच्या अक्षाला काटकोनात पडतात, धमनीच्या अक्षाला नाही. पाइप तिरपा कापला की त्याचं तोंड गोल न दिसता लंबगोल दिसतं, आणि लंबगोलाचा लांब व्यास मोजला की पाइप आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. म्हणून चांगला रेडिओलॉजिस्ट संगणकावर प्रतल फिरवून आधी ते धमनीच्या अक्षाला काटकोनात आणतो, मगच मोजतो. त्यातही हृदयाच्या ठोक्याशी, म्हणजे ईसीजीशी जोडून घेतलेलं सीटी नसेल तर मुळाचा भाग हललेल्या फोटोसारखा अस्पष्ट येतो. कधी त्या हलण्यामुळे भिंत दुहेरी दिसते आणि फाटल्याचा भास होतो.

हे सगळं मी शिकले ते माझ्याच एका रिपोर्टमुळे. खोकला हटत नव्हता म्हणून दुसऱ्या एका डॉक्टरांनी छातीचं साधं सीटी करायला सांगितलं. फुप्फुसं चांगली निघाली, पण शेवटी एक ओळ: असेंडिंग ऑर्टा ४५ मिमी. त्याआधीच्या इकोत ४१ होतं. वर्षभरात चार मिलिमीटर! घरात रडारड सुरू झाली. दादाने तर कुठल्या सर्जनला दाखवायचं याची चौकशीही सुरू केली. मला मात्र त्या आकड्यावर विश्वास बसेना. कॉन्ट्रास्ट (रक्त उठून दिसावं म्हणून शिरेतून द्यायचं औषध) न देता केलेलं सीटी, ईसीजीशी न जोडलेलं, आडव्या कापावर घेतलेलं माप. कॉन्ट्रास्ट नसला की भिंत कुठे संपते आणि रक्त कुठे सुरू होतं ते नीट कळत नाही, म्हणून माप आपोआप बाहेरून बाहेर घेतलं जातं. आणि ते ताडून बघायचं इकोच्या मापाशी! वेगवेगळ्या दोन उपकरणांनी, वेगवेगळ्या पद्धतींनी घेतलेली दोन रीडिंग्ज वजा करून झीज काढली तर आमच्या विभागात ते कुणी मान्य करणार नाही.

मॅडमनी रिपोर्ट वाचला, बाजूला ठेवला आणि विचारलं, "सीडी आणलीय?" ती मी आणलेली होती. त्यांनी रेडिओलॉजिस्टना बोलावून त्याच चित्रांवर प्रतल सरळ करून पुन्हा मोजायला सांगितलं. आलं ४२. मग त्यांनी ईसीजीशी जोडलेलं एमआर अँजिओ, म्हणजे धमन्यांचा एमआरआय, करून घेतलं, तिथेही ४२. "आता हे आपलं मूळ माप," त्या म्हणाल्या. "यापुढे याच्याशीच तुलना करायची."

त्या दिवसापासून मी रिपोर्टांपेक्षा चित्रं जास्त जपते. इकोच्या क्लिप्स, सीटीची सीडी, एमआरआयच्या फायली, सगळं डायकॉम स्वरूपात, म्हणजे पुन्हा मोजता येईल अशा मूळ फायलींत, दोन जागी ठेवलेलं. छापील रिपोर्ट म्हणजे कुणीतरी घेतलेलं रीडिंग. चित्र हातात असेल तर तोच जॉब पुन्हा टेबलावर ठेवून मोजता येतो, दहा वर्षांनीही. नवं माप कधीही एकट्याने बघू नये, जुनं आणि नवं चित्र शेजारी शेजारी उघडून, त्याच पातळीवर, त्याच माणसाने दोन्ही मोजावीत. फरक काढायचा तर तो असा. ज्यांना अशी झडप आहे त्यांना माझं अगदी कळकळीचं सांगणं आहे की तपासणी झाली की चित्रांची प्रत मागून घ्या. ती मागायला संकोच वाटायचं काही कारण नाही.

इकोबद्दल थोडं. त्यात किरणोत्सर्ग नाही, त्यामुळे नेहमीच्या देखरेखीला तेच बरं. झडपेची गळती आणि अरुंदपणाही त्यातच कळतो. पण चढत्या नळीचा मधला भाग छातीच्या हाडाआड आणि फुप्फुसाआड लपतो. मी जिच्याकडे इको करून घेते ती मुलगी मला डाव्या कुशीवर वळवते, प्रोब नेहमीच्या फटीतून एक बरगडी वर सरकवते, श्वास सोडून थांबायला सांगते. कधी उजव्या कुशीवर वळवून उजवीकडूनही बघते. तिला घाई नसते. चित्र नीट मिळालं नाही तर ती "चढता भाग पूर्ण दिसला नाही" असं लिहून देते, अंदाजाने आकडा टाकत नाही. तिच्या त्या एका ओळीबद्दल मला फार आदर आहे. चढता भाग इकोत दिसतच नसेल तर सीटी किंवा एमआरआय हवंच. वय कमी असेल आणि वर्षानुवर्षं तपासण्या व्हायच्या असतील तर किरणोत्सर्ग टाळायला एमआरआय बरं पडतं.

किती वेळाने करायचं याचं उत्तर माणसागणिक वेगळं. धमनी ४ सेंमीच्या आत आणि स्थिर असेल तर काही वर्षांनी एकदा पुरतं. ४ च्या पुढे गेली की पहिल्या तपासणीनंतर सहा महिने ते वर्षभरात पुन्हा बघतात, स्थिर निघाली तर अंतर वाढवतात. ४.५ च्या पुढे साधारण दरवर्षी. बहुतेकांची वाढ वर्षाला मिलिमीटरच्या आतच असते, म्हणजे मोजमापातल्या चुकीपेक्षाही कमी! एका वर्षाच्या एका मिलिमीटरने मी अस्वस्थ होत नाही ती यासाठी. पण इकोवर वर्षात ३ मिमी वाढ दिसली तर ती सीटी किंवा एमआरआयने पडताळायचीच. पडताळणीतही सलग दोन वर्षं दरवर्षी ३ मिमी, किंवा एकाच वर्षात ५ मिमी ठरली, तर ती खरी धोक्याची वाढ.

धमनीचा रुंदावलेला भाग बदलण्याच्या शस्त्रक्रियेची रेघ ५.५ सेंमीला आखलेली आहे. २०२२ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनुसार या झडपेच्या लोकांमध्ये ५.० ते ५.४ च्या दरम्यानही शस्त्रक्रिया योग्य ठरते, जर जोडीला आणखी काही असेल: घरात कुणाला डिसेक्शन झालेलं, वेगाने वाढ, मुळाचा भाग फुगलेला, किंवा महाधमनी पुढे एका जागी जन्मतः आवळलेली, म्हणजे कोआर्क्टेशन. झडपेसाठी छाती उघडायचीच असेल तर ४.५ ला नळीही बदलून घेतात. पण ही रेघ ओलांडेपर्यंत सुरक्षित आणि ओलांडली की धोका, असं शरीर वागत नाही. डिसेक्शनची आंतरराष्ट्रीय नोंदवही १९९६ पासून ठेवली जातेय. तिच्यातल्या चढत्या भागाच्या रुग्णांची मापं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या सुमारे ६० टक्के लोकांची धमनी ५.५ पेक्षा लहानच होती, आणि तीही फाटल्यानंतर मोजलेली, म्हणजे फुगल्यावर. यात सगळ्या कारणांचे रुग्ण आले, नुसते आमच्या झडपेचे नव्हेत. तरी म्हणूनच व्यासाखेरीज बाकीच्या गोष्टी विचारल्या जातात.

त्यातली एक उंची. हे गणित मला फार पटतं. धमनीच्या छेदाचं क्षेत्रफळ चौरस सेंमीमध्ये काढायचं आणि त्याला मीटरमधल्या उंचीने भागायचं. उत्तर १० किंवा त्याहून जास्त आलं तर शस्त्रक्रियेचा विचार रास्त मानतात. ४.५ सेंमी व्यासाचं क्षेत्रफळ १५.९. उंची १.८५ मीटर असलेल्या माणसाचं उत्तर येतं ८.६. माझी उंची १.५२ मीटर, माझं येईल १०.५. एकच व्यास, पण दोन माणसांसाठी वेगळा अर्थ. आजच्या ४.२ ला माझं उत्तर ९.१ आहे. मी हे स्वतः काढून मॅडमना दाखवलं तेव्हा त्यांनी ते फाईलमध्ये लिहून घेतलं आणि पुढच्या तपासणीचं अंतर थोडं कमी केलं. टर्नर सिंड्रोम (जन्मतः एक एक्स गुणसूत्र नसणं किंवा अपुरं असणं) असलेल्या बायकांमध्ये तर हा मुद्दा आणखी महत्त्वाचा. त्यांच्यात ही झडप बऱ्याच जणींना असते आणि उंची कमी असते, त्यामुळे नुसत्या सेंटिमीटरवर विसंबणं धोक्याचं.

कोआर्क्टेशनचं नाव वर घेतलं. त्याची प्राथमिक चाचणी इतकी सोपी आहे की ती राहून जाते याचं मला वाईट वाटतं. दोन्ही हातांचा आणि पायाचा रक्तदाब मोजायचा. हातात जास्त आणि पायात बराच कमी निघाला तर पुढे बघायचं. तरुण वयात रक्तदाब वाढलेला असेल तर आवर्जून.

घरच्यांची तपासणी हा माझ्याकडचा सगळ्यात अवघड भाग ठरला. सख्ख्या नात्यात, म्हणजे आईवडील, भावंडं आणि मुलं यांत, साधारण दहातल्या एकाला ही झडप निघते. धमनी रुंदावलेल्या माणसाच्या सख्ख्या नातेवाइकांनी एक इको करून घ्यावा असं सूचना सांगतात. माझी मुलगी लगेच आली, तिची झडप तीन पाकळ्यांची आणि धमनी योग्य मापाची निघाली. दादा मात्र माझ्यासाठी सर्जन शोधणारा, स्वतःचं नाव निघालं की विषय बदलायचा.

"मला काही होत नाही गं."

"मलाही होत नव्हतं दादा."

"उगाच काहीतरी निघेल."

"निघालं तर आजच निघू दे. तुझा रक्तदाब आधीच वाढलेला आहे."

शेवटी वहिनीने वेळ ठरवली आणि त्याला घेऊन गेली. झडप दोन पाकळ्यांची, उजवी-डावी जोडणी, सायनसपाशी ४४. वयाची साठी जवळ आली तरी त्याला याचा पत्ता नव्हता. आता त्याचा रक्तदाब औषधाने १३० / ८० च्या आत ठेवलाय. भिंतीवरचा ताण दाब आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराने वाढतो. त्रिज्या आपल्या हातात नाही, दाब आहे. या झडपेत गोळ्यांनी धमनीची वाढ थांबते असं सिद्ध झालेलं नाही, पण वाढलेला दाब उतरवायलाच हवा यात दुमत नाही. सिगारेट त्याने सोडली, याचा मला किती आनंद झाला ते त्याला मी पुरेसं सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहिते.

व्यायाम बंद करायचा नाही. चालणं, पोहणं, सायकल चालू ठेवायची. टाळायचं ते श्वास कोंडून जड वजन उचलणं, कारण त्या क्षणी रक्तदाब एकदम उसळतो. शॉपफ्लोअरवर जड फिक्स्चर उचलायचं असलं की मी आता क्रेन मागवते. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन या गटाच्या अँटिबायोटिक्सबद्दल अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने डिसेंबर २०१८ मध्ये इशारा दिलाय की महाधमनी फुगलेल्यांना, दुसरा पर्याय असेल तर, ती देऊ नयेत. लघवीच्या किंवा छातीच्या जंतुसंसर्गासाठी ही सर्रास लिहिली जातात, तेव्हा औषध देणाऱ्याला झडपेचं आधीच सांगावं. दात काढताना केवळ या झडपेसाठी अँटिबायोटिक घ्यायची गरज आता मानत नाहीत, कृत्रिम झडप बसवलेल्यांना मात्र लागते. हिरड्या निरोगी ठेवणं दोघांनाही सारखंच आवश्यक. मूल हवं असलेल्या मुलींनी गर्भ राहण्याआधी पूर्ण महाधमनीचं चित्र काढून घ्यावं. शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतरचे आठवडे यांत धमनीवरचा धोका वाढतो, आणि ५ सेंमीच्या पुढे असेल तर आधी शस्त्रक्रियेचा विचार करायला सांगतात.

ज्यांची झडप बदलून झालीय त्यांच्याशी बोलताना मला एक गोष्ट वारंवार आढळते. ऑपरेशन झालं, टाके सुकले, आता तपासणी कशाला? पण झडप बदलली तरी धमनीची भिंत तीच असते. चढता भाग बदलून डॅक्रॉनची, म्हणजे कृत्रिम धाग्याची, नळी बसवली असली तरी मूळ आणि कमान आपलीच उरते. त्यांचीही मापं घेत राहायची असतात.

शेवटी अचानक येणाऱ्या दुखण्याबद्दल. एका क्षणी काही नाही आणि दुसऱ्या क्षणी छातीत किंवा पाठीत दोन खांद्यांच्या मध्ये फाडल्यासारखी तीव्र कळ, कधी ती खाली सरकत जाते. जोडीला चक्कर, बोलताना अडखळणं, हातापायातली शक्ती जाणं, एका हाताची नाडी न लागणं. अशा वेळी आडवं होऊन वाट बघायची नाही, घरातली ॲस्पिरिनची गोळी स्वतःहून घ्यायची नाही, थेट तातडीच्या विभागात जायचं. तिथे या कळा हृदयविकाराच्या झटक्यासारख्या दिसू शकतात आणि रक्त पातळ करायची औषधं सुरू होऊ शकतात. डिसेक्शनमध्ये ती घातक ठरतात. म्हणून पहिल्याच वाक्यात सांगायचं: "मला जन्मतः दोन पाकळ्यांची महाधमनी झडप आहे, धमनी रुंदावलेली आहे, डिसेक्शन आहे का ते बघायला सीटी अँजिओ करा." हे वाक्य, शेवटचं माप, ते कुठल्या पातळीवर आणि कशाने घेतलं, आणि मॅडमचा नंबर, एवढं मी एका कार्डावर लिहून ओळखपत्रामागे ठेवलंय. दादाच्या पाकिटात तसंच दुसरं कार्ड आहे, त्यावर ४४ च्या पुढे "सायनस, इको" असं वहिनीच्या अक्षरात लिहिलंय. त्याचं एमआर अँजिओ पुढच्या महिन्यात आहे, आणि चित्रांची प्रत मिळेल ना, हे त्याने आधीच विचारून ठेवलंय.